मेंढीला जुळी कोकरं कशी होतात? फलटणचं संशोधन ठेलारींच्या किती कामाचं?

शेळीला जुळी करडं होणं नवं नाही. दख्खनी मेंढीला मात्र एका वेतात बहुधा एकच कोकरू होतं. धुळे-नंदुरबार भागातले ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन रानोमाळ फिरतात. कोकरं विकून येणारा पैसा हीच त्यांची मुख्य कमाई. मग त्याच मेंढीला दोन कोकरं झाली तर?

याचं एक उत्तर सातारा जिल्ह्यातल्या फलटणला तयार झालं.

नारी सुवर्णा म्हणजे काय?

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची मेंढी आहे. ती अंगाने लहान, पण तिला जुळी-तिळी होतात. याला कारणीभूत जनुकाचं नाव फेक-बी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात गरोल आणि दख्खनी मेंढ्यांचा संकर सुरू केला. पुढच्या पिढ्यांत दख्खनीचं अंगमान टिकवलं आणि गरोलचं हे जनुक तेवढं ठेवलं. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली.

या जनुकाची एक प्रत असली, तरी मेंढीला एका वेतात सरासरी सुमारे दीड कोकरू होतं. म्हणजे काहींना एक, काहींना दोन.

नर कसा ओळखायचा?

नर मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून काही कळत नाही. पूर्वी त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. २००१ मध्ये या जनुकातला नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी शक्य झाली. नराकडे दोन्ही प्रती असतील, तर त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एकच असेल, तर साधारण निम्म्यांना. म्हणून नर घेताना तपासणीचा अहवाल मागा.

कृत्रिम रेतन का करत नाहीत?

शेळ्यांमध्ये करतात. उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात ठेवलेली रेतमात्रा वापरून गावात बोकड न आणताही चांगला वंश मिळतो. मेंढीत अडचण गर्भाशयाच्या मुखाची आहे. ते वळणावळणाचं आणि अरुंद असल्याने नळी आत जात नाही. गोठवलेलं रेत वापरायचं, तर दुर्बिणीने पोटातून थेट गर्भाशयात सोडावं लागतं. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि महागडी उपकरणं लागतात. भ्रूण प्रत्यारोपण तर आणखी खर्चिक. त्यामुळे फिरत्या कळपासाठी तपासलेला नर आणणं हाच सोपा मार्ग.

फायदा कधी होतो?

जुळी कोकरं वजनाने हलकी असतात आणि आईचं दूध दोघांत वाटलं जातं. गाभणपणाचा काळ साधारण पाच महिन्यांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला जादा खुराक हवा. जन्मानंतर दोन्ही कोकरांना लगेच चीक मिळायला हवा. रोज मुक्काम हलवणाऱ्या कळपात हे सांभाळणं कठीण असतं, आणि दुसरं कोकरू दगावलं तर जनुकाचा उपयोग शून्य.

म्हणून सगळा कळप एकदम बदलण्याऐवजी एका नरापासून सुरुवात केलेली बरी. त्याच्या लेकी वयात आल्या की नर बदलावा, नाहीतर बाप-लेकीचा संकर होऊन पुढची पिढी कमजोर निघते. जुळी देणाऱ्या मेंढ्यांवर खूण करून खुराक आधी त्यांना द्यावा. जनुक फलटणहून आणता येतं. चारा आणि निगा मात्र वाड्यावरच लागते.