सासूबाईंचे लग्न आणि आपले दोन पक्ष



इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु माजघरालाही इतिहास असतो. तो पोथीत बांधून ठेवलेला नसतो. आपल्या बोलण्यातून, रुसव्याफुगव्यांतून आणि वादांतून तो चालत आलेला असतो. अशाच एका वादाविषयी मला या स्मरणिकेत चार शब्द लिहायचे आहेत.

जुलै २०१९ पासून मार्च २०२१ पर्यंत झी मराठी वाहिनीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका होती. रात्रीचे साडेआठ वाजले की हातातले लाटणे खाली ठेवून आपल्यापैकी कितीजणी टीव्हीपुढे बसत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कथा मोठी गमतीची. आसावरी ही विधवा बाई. सासऱ्यांची शिस्त आणि मुलाचे लाड यांत तिचा सारा जन्म चाललेला. मुलगा सोहम, म्हणजे तिचा 'बबड्या', इतका लाडावलेला की पुढे घरोघरी आयतोबा मुलाला बबड्या म्हणू लागले! या घरात शुभ्रा सून होऊन येते आणि सासूबाईंसाठीच वर पाहते. प्रसिद्ध आचारी अभिजित राजे यांच्याशी २०२० च्या आरंभी आसावरीचे लग्न लागते. निवेदिता जोशी-सराफ आणि गिरीश ओक यांनी ही कामे केली होती. कडक सासरेबुवा रवी पटवर्धन यांनी उभे केले होते.

सासूने सुनेची पारख करावी ही आपली रीत. येथे सूनच सासूचे लग्न जमविते! मग मते फुटल्यावाचून कशी राहतील? वडाळे तलावाकाठी फिरताना म्हणा, भाजीबाजारात म्हणा, दोन पक्ष पडलेच. एक पक्ष म्हणे, "नातवंडे खेळवायच्या वयात बाशिंग कसले बांधायचे? लोकांच्या सुनांना काय शिकवायचे हे?" दुसरा पक्ष म्हणे, "मुलगा आपल्या संसारात रमतो. मग त्या बाईने तिन्हीसांजेला कोणाशी बोलावे?" तिसऱ्याही काहीजणी होत्या. त्यांना लग्नाचे काही वाटत नव्हते; पण आसावरी मुलाचे सारे अपराध पोटात घालते, म्हणून त्या टीव्हीवरच चिडत.

मला या वादात एक गोष्ट दिसली. आसावरी वाईट आहे, असे कोणत्याच पक्षाचे म्हणणे नव्हते. प्रश्न एवढाच होता की, तिचे उरलेले आयुष्य कोणाचे? मुलाचे, सासऱ्यांचे, की तिचे स्वतःचे? आणि हा प्रश्न काही मालिकेने काढलेला नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी त्यासाठी बंगालमध्ये फार खटपट केली. कायद्याने लग्नाला वाट दिली खरी. परंतु त्यातच एक कलम असे होते की, विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क जाई, जणू ती स्वतःच त्या दिवशी मरण पावली! वाट दिली, पण मागचे घर बंद करून दिली.

आपल्या कोकणातलीच गोष्ट घ्या. धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरुडचे. पहिली पत्नी वारल्यावर, लग्न करीन तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला. १८९३ साली पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर हे जोडपे मुरुडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केला की, कर्वे ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसू नये. आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकावे. पोटच्या मुलाला घरात घ्यायची त्या माउलीला चोरी झाली! त्याच कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९५८ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न दिले. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई किंवा बाया कर्वे, यांनी 'माझे पुराण' या नावाने आपली हकिकत सांगून ठेवली आहे. ज्या भगिनींनी ती वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सक्ती सर्व जातींत सारखी नव्हती. आपल्या भागातील आगरी, कोळी, कुणबी आदी समाजांत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. ज्या गोष्टीसाठी पांढरपेशा समाजात एवढे रण माजले, ती कष्टकरी समाजात आधीपासून मान्य होती. तरीही पाटाला पहिल्या लग्नाएवढा मान नसे, हेही खरे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली.

म्हणजे कायद्याचे काम बरेचसे झाले. उरले ते आपल्या मनाचे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ठराव केला की, पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी कळविले. एका गावाने १८९३ साली ठराव करून माणूस वाळीत टाकला. दुसऱ्या गावाने २०२२ साली ठराव करून वाळीतल्या बाईला आत घेतले. हे अंतर कापायला एकशे एकोणतीस वर्षे लागली.

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. पुनर्विवाह करावा की करू नये, हे ज्या त्या बाईने ठरवावे. त्याबाबत आपल्यात दोन पक्ष राहिले तरी बिघडत नाही. परंतु मालिकेतल्या आसावरीच्या लग्नात टाळ्या वाजविणाऱ्या आपणच संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे करताना कोणाचे दार वगळून पुढे जातो? पती वारला म्हणून जिचे दार वगळले गेले, तिने कोणाचे काय वाईट केले होते? ती आपलीच शेजारीण असते, कोणाची जाऊ, कोणाची नणंद, कोणाची आई. भजनाला, सहलीला, वर्गणीला ती चालते. मग वाणाला आणि कुंकवालाच का चालू नये?

माझी मंडळापुढे नम्र सूचना आहे की, येत्या संक्रांतीला बोलावणे सर्वांना एकच असावे. ज्या भगिनीला कुंकू लावून घ्यायचे असेल तिने लावून घ्यावे, नको असेल तिला तिळगूळ आणि वाण द्यावे. पण उंबऱ्याबाहेर कोणी राहू नये. जिला हे पटणार नाही तिने सभेत मोकळेपणी तसे सांगावे. मालिकेवर आपण दीड वर्ष वाद घातला, या गोष्टीवर एक दुपार घालू.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद, पनवेल