गोळी कुणी झाडली?

दोन वर्षांपूर्वी एका रात्री आमचं अ‍ॅप चार तास बंद पडलं. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिताना मी व्याकरणाचा आडोसा घेतला. ‘बदल केला गेला’, ‘तपासणी केली गेली नाही’. सगळा कर्मणी प्रयोग. कुणी केला, कुणी केली नाही, हे शेवटपर्यंत आलंच नाही.

नंतर आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनाधिकाऱ्याबद्दल वाचताना तो रिपोर्ट आठवला.

लिओपोल्डचा जन्म १८८७चा, मिसिसिपीकाठच्या बर्लिंग्टन गावातला. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ साली तो सरकारी वनखात्यात लागला. नेमणूक मिळाली ॲरिझोनातल्या अपाची राष्ट्रीय वनात. वय बावीस. त्याच वर्षी एका कड्यावर बसलेला असताना त्याला नि सोबत्यांना खाली लांडगे दिसले. सगळ्यांनी गोळ्या झाडल्या. खाली पोचले तेव्हा मादीच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझत होती.

तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सरळ हिशोब होता: लांडगे कमी झाले की हरणं वाढतील. पुढची काही वर्षं लिओपोल्ड न्यू मेक्सिकोत हाच हिशोब लोकांना पटवत होता. शिकारी प्राणी पार संपवायला हवेत, असं त्याचं तेव्हाचं मत होतं.

त्याच काळात त्याने एक मोठं कामही केलं. काही जंगलांत रस्ता न्यायचाच नाही, ही कल्पना त्याने खात्याच्या गळी उतरवली. १९२४ साली न्यू मेक्सिकोतलं हीला हे अमेरिकेतलं असं पहिलं संरक्षित रान ठरलं.

मग हिशोब उलटला. लांडगे संपले, हरणं बेसुमार वाढली आणि रान ओरबाडून खाऊ लागली. त्यांची संख्या कमी करायला बंदूकवाले आत जायला हवेत, म्हणून १९३०च्या सुमारास याच हीलातून रस्ता काढला गेला. ज्या रानात रस्ता नको म्हणून तो भांडला होता, त्याचे दोन तुकडे झाले. आम्ही प्रोग्रामर कधीकधी बिनकामाची वाटणारी एखादी फाइल उडवतो आणि काही महिन्यांनी भलतंच काहीतरी कोसळतं. इथे कोसळायला वीस वर्षं लागली.

लिओपोल्ड तोवर विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला राहायला आला होता. १९३३ साली तो तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९३५ साली त्याने नदीकाठी ऐंशी एकरांचं, कस गेलेलं शेत घेतलं. घर जळून गेलेलं, उभं होतं ते कोंबड्यांचं खुराडं. त्यातलं शेण उपसून, डागडुजी करून तो, बायको एस्टेला आणि पाच मुलं शनिवार-रविवारी तिथे राहू लागली. दर वसंतात पाइनची रोपं लावायची. पहिल्या लागवडीतली बहुतेक दुष्काळात वाळली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली. असं दहा वर्षांहून जास्त चाललं. ही पाचही मुलं पुढे निसर्गाच्याच कामात गेली. तिघं राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आली.

१९४४ साली त्याचे निबंध पुस्तकासाठी एकत्र होत होते. चित्रं काढणारा अल्बर्ट हॉकबॉम हा त्याचाच विद्यार्थी. त्याने पत्रातून गुरूला टोकलं. त्याचं म्हणणं असं की, निबंध वाचून वाटतं, तुम्हाला सगळं आधीपासून कळत होतं. लांडगे मारण्यात तुमचाही हात होता, ते लिहा.

लिओपोल्डला हे सहज टाळता आलं असतं. पन्नाशी उलटलेला, नावाजलेला प्राध्यापक; पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट; आणि त्या काळात सगळेच लांडगे मारत होते. पण त्याने लिहिलं. तो कडा, ती मादी, आणि बंदूक धरलेला उतावळा तरुण तो स्वतः. डोंगर जसा विचार करतो तसा विचार करण्याविषयीचा तो निबंध आज त्याचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा निबंध असावा.

१४ एप्रिल १९४८ रोजी प्रकाशकाने पुस्तक स्वीकारल्याचं कळलं. २१ तारखेला शेजाऱ्याच्या शेतात वणवा लागला. विझवायला गेलेला लिओपोल्ड हृदयविकाराच्या झटक्याने तिथेच गेला. वय एकसष्ट. पुस्तकावरचा शेवटचा हात मुलगा ल्यूनाने फिरवला आणि ते १९४९ साली आलं.

१९८० साली हीलाच्या तुटलेल्या तुकड्याजवळच्या रानाला लिओपोल्डचं नाव मिळालं. १९९८ साली अपाचीच्या जंगलात अकरा लांडगे सोडण्यात आले. त्याच जंगलात, जिथे बावीस वर्षांच्या पोराने बंदूक उचलली होती.

माझा रिपोर्ट अजून सर्व्हरवर आहे. गेल्या आठवड्यात मी तो उघडला आणि पहिलं वाक्य बदललं: ‘हा बदल मी केला.’