पायी चालणाऱ्यांचा रस्ता

इतिहास म्हणजे किल्ले, तह आणि लढाया, अशी आपली साधारण समजूत असते. बाजारपेठेच्या रस्त्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणीही विचारील. परंतु सामान्य माणूस ज्या रस्त्याने चालतो, त्या रस्त्यालाही तह आणि लढाया चुकत नाहीत. चीनमधील शांघाय शहराचा नानजिंग रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या रस्त्याच्या पूर्वेकडील भागात मोटारींना मज्जाव आहे. २० सप्टेंबर १९९९ रोजी तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला आणि २०२० साली नदीच्या बाजूस आणखी वाढवला गेला. दुतर्फा मोठाली दुकाने, रात्री दिव्यांचा लखलखाट, आणि मधून निर्धास्त चालणारी माणसे. प्रवासी म्हणतो, केवढी ही सुबत्ता! आम्ही चळवळीतली माणसे मात्र विचारतो, हा रस्ता पायी चालणाऱ्याच्या हाती आला कसा?

अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला १८४२ साली इंग्रजांशी नानकिंगचा तह करावा लागला आणि शांघाय बंदर परकीयांना खुले झाले. १८६५ मध्ये या रस्त्याला त्याच नानकिंग शहराचे नाव मिळाले. त्या अफूत मुंबईचाही वाटा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. पुण्याचे इस्पितळ आणि मुंबईची गोदी ज्यांच्या नावाने आपण ओळखतो, ते ससून घराणे या व्यापारात अग्रभागी होते. मुंबईत वाढलेला आणि ससूनांच्या पेढीत चाकरी केलेला सायलस हार्डून पुढे नानकिंग रस्त्यावरचा बडा जमीनमालक झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने स्वखर्चाने या रस्त्यावर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी करविली.

रस्ता गुळगुळीत झाला, पण कोणासाठी? शहराच्या त्या भागाचा कारभार परकीयांच्या म्युनिसिपल कौन्सिलकडे होता. चिनी रहिवासी कर भरीत, परंतु १९२८ पर्यंत कौन्सिलात त्यांना एकही जागा नव्हती. रस्त्याच्या टोकापासून जवळच असलेल्या सार्वजनिक बागेतही, परकीयांचा नोकर म्हणून आल्यावाचून, चिनी माणसाला त्याच वर्षापर्यंत प्रवेश नव्हता.

१५ मे १९२५ रोजी जपानी मालकीच्या एका कापड गिरणीत तंटा झाला. त्यात गु झेंगहोंग या कामगाराला गिरणीतल्या जपानी माणसांनी गोळ्या घातल्या आणि तो प्राणास मुकला. ३० मे रोजी विद्यार्थी आणि कामगार जाब विचारीत नानकिंग रस्त्यावर आले. पोलिसांनी काहींना पकडले, तेव्हा लोक चौकीपुढे जमले. इंग्रज अंमलदाराने गोळीबाराचा हुकूम दिला. किमान नऊ माणसे मेली. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांत चिनी होते, तसेच आपल्या पंजाबातून नेलेले शीखही होते. साम्राज्य एका गरिबाच्या हाती बंदूक देते ती दुसऱ्या गरिबावर रोखण्यासाठी! १ जूनपासून कामगारांनी संप केला, विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, आणि ज्यांचा सारा जीव गल्ल्यात, त्या दुकानदारांनीही फळ्या लावल्या. या लढ्याचे स्मारक १९९० साली रस्त्याच्या पादचारी भागाच्या पश्चिम टोकाजवळ उभे राहिले.

चालण्याचा हक्क मिळाला म्हणून चालायला फुरसत मिळते असे नाही. त्या काळी शांघायच्या गिरण्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या असत. तिथल्या कामगाराला बाजार हिंडायचा केव्हा? आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा कुठे त्यांना आठवड्याचा एक दिवस स्वतःचा म्हणता आला. चीनमध्ये १ मे १९९५ पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याच वर्षी नानजिंग रस्ता शनिवार-रविवारपुरता वाहनांना बंद करण्यात आला. पुढे १९९९ साली ऑक्टोबरातली आठवडाभराची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली, आणि तिच्या तोंडावरच रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला. आधी सुट्टी आली, तिच्या मागून रस्ता आला. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मात्र एक माणूस या सुखातून मागे राहतो. सारे गाव ज्या दिवशी फिरायला निघते, त्याच दिवशी दुकानातला नोकर सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली, पण नोकराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली. कायद्यातली ती सुट्टी त्याच्या पदरात पडते की नाही, हे पाहणारे डोळे गिऱ्हाइकाचेही असले पाहिजेत. रविवारी बाजारात जाल तेव्हा समोर कापड उलगडणाऱ्या माणसाला एवढे अवश्य विचारा: तुमची सुट्टी कोणत्या वारी?