कोऱ्या मशीनची पहिली हाक

नव्या सर्व्हरची डिस्क कोरी असते. त्यावर लिनक्स नसतं, आणि मशीनला स्वतःचं नाव-पत्ताही नसतो. नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस आणि फर्मवेअरमधला एक छोटा प्रोग्रॅम, एवढंच काय ते त्याचं भांडवल. त्या जोरावर ते केबलीतून हाक मारतं, कुणीतरी उत्तर देतं, आणि सगळं जुळून आलं तर माणसाचा हात न लागता तिथे पूर्ण लिनक्स उभं राहतं. नाही जुळलं तर काळ्या पडद्यावर एक ओळ उमटते आणि काम तिथेच अडतं. अशा वेळी ॲडमिन सर्वात आधी आपण लिहिलेली उत्तरांची फाईल उघडून बसतो. दोष मात्र कित्येकदा तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एखाद्या निर्णयात असतो. या साखळीची एकेक कडी वेगळ्या दशकात, वेगळ्या गरजेपोटी घडली आणि ती अडते तीही आपल्या जन्माच्या खुणा दाखवत. म्हणून ही दुरुस्ती शिकणाऱ्याने आधी तिचं कुळ जाणून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कुळाचा आरंभ डिस्कच्या किमतीत आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनची वर्कस्टेशनं बिनडिस्कचीही असत. कर्नल आणि सगळ्या फाईली एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि खोलीतल्या मशीननी तिथूनच चालायचं, अशी ती मांडणी होती. पण सुरू होणाऱ्या मशीनला आपला आयपी पत्ता कुठून कळणार? १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी आरएआरपी नावाची रीत लिहून काढली. मशीनने आपला मॅक ॲड्रेस ओरडून सांगायचा आणि सर्व्हरने आयपी द्यायचा. फक्त आयपीच, त्यापुढे काही नाही. शिवाय ही हाक राउटर ओलांडू शकत नव्हती.

सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिल्मोर यांनी बूटपी मांडलं, आणि आजच्या साखळीचं खरं मूळ तेच. त्यांच्या पॅकेटमध्ये आयपीबरोबर सर्व्हरचा पत्ता होता आणि बूट फाईलच्या नावासाठी १२८ बाइटांची जागा होती. हाक पुढच्या नेटवर्कात पोचवणाऱ्या मध्यस्थासाठीही एक रकाना होता. १९९३ मध्ये आलेल्या डीएचसीपीने नवं पॅकेट आखलंच नाही. बूटपीचंच पॅकेट घेऊन त्याच्या शेपटीला पर्याय जोडले. त्यामुळे फाईलचं नाव सांगायला आज दोन जागा आहेत, १९८५ चा मूळ रकाना आणि नंतरचा ६७ क्रमांकाचा पर्याय. एखादं जुनं फर्मवेअर यातली एकच जागा वाचतं. आयपी मिळतो, पण पडद्यावर पीएक्सई-ई५३ येतं (पीएक्सई म्हणजे फर्मवेअरमधला तो नेटवर्क बूटचा प्रोग्रॅम), म्हणजे फाईलचं नाव पोचलं नाही. सर्व्हरवर तर नाव स्वच्छ लिहिलेलं दिसतं, आणि ॲडमिन हैराण होतो. पॅकेट पकडून पाहिलं की नाव कोणत्या रकान्यात पडलं ते लगेच कळतं. मध्यस्थाचा रकानाही तसाच जिवंत आहे. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल आणि राउटरवर हा मध्यस्थ, म्हणजे रिले, लावलेला नसेल, तर हाकेला उत्तरच येत नाही आणि पीएक्सई-ई५१ ठरलेलं.

फाईलचं नाव कळलं की ती आणायची कशी? हे काम टीएफटीपीकडे आलं. मूळ आराखडा नोएल चियापा यांचा, आणि १९८१ चा दस्तऐवज एमआयटीच्या कॅरन सॉलिन्स यांनी लिहिला. ते मुद्दामच इतकं लहान ठेवलं होतं की रॉममध्ये मावावं. त्यात लॉगिन नाही, फाईलींची यादी नाही. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. हा साधेपणा मला आजही सुंदर वाटतो, पण त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ तुकड्यांनंतर आकडे संपतात आणि फाईल ३२ एमबीच्या आसपास अडते. १९८१ मध्ये एवढ्या मोठ्या बूट फाईलची कुणी कल्पनाही केली नसेल. आजच्या इन्स्टॉलरचा इनिटआरडी (कर्नलसोबत उतरणारी फाईल) ती मर्यादा सहज ओलांडतो. मग काही प्रोग्रॅम क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजतात, काही एकपासून, आणि दोन टोकांचं एकमत नसेल तर डाऊनलोड दर वेळी त्याच जागी तुटतं. नेमक्या त्याच जागी तुटतं, हीच ओळखायची खूण. ६० एमबीची फाईल ५१२ च्या तुकड्यांनी आणायची तर सुमारे १ लाख २० हजार वेळा पोचेची वाट पाहावी लागते. १९९८ च्या सुधारणेमुळे दोन्ही टोकांना मोठा तुकडा ठरवून घेता येतो, आणि मंद बूटवर पहिला उपाय तोच.

याच टीएफटीपीत एक विलक्षण दोष होता. पोच उशिरा आली की पाठवणारा तुकडा पुन्हा पाठवी, त्याची दुसरी पोच येई, तिच्यामुळे पुढचा तुकडाही दोनदा जाई, आणि फाईल संपेपर्यंत सगळंच दुप्पट चाले. गटेच्या कवितेत झाडू आवरेनासा झालेल्या जादूगाराच्या शिष्याचं नाव या दोषाला पडलं. दुहेरी पोचेला उत्तर द्यायचं नाही, एवढ्याशा नियमाने तो १९८९ मध्ये मिटवला गेला. दुसरी खोड मात्र राहिली. विनंती ६९ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, पण सर्व्हर उत्तर देतो दुसऱ्याच पोर्टवरून. फायरवॉलमध्ये फक्त ६९ उघडणाऱ्याला पीएक्सई-ई३२ दिसतं आणि वाटतं की टीएफटीपी सर्व्हर बंद पडला आहे.

साध्या पीसीपर्यंत हे सगळं उशिरा पोचलं. १९९५ पासून इथरबूटवाले स्वतः रॉम लिहून कार्डावर बसवत होते. मग इंटेलने पीएक्सई आणलं आणि सप्टेंबर १९९९ च्या २.१ आवृत्तीनंतर ते जवळपास प्रत्येक मदरबोर्डवर दिसू लागलं. पडद्यावरचे ते ई-क्रमांक इथून आले. एच. पीटर ॲन्विन यांचं पीएक्सईलिनक्स हे बूटलोडरही याच कुळातलं. आपली सेटिंग फाईल ते मोठ्या चिकाटीने शोधतं. मॅक ॲड्रेसच्या नावाची फाईल नसेल तर आयपीचे हेक्स आकडे घेतं, मग शेवटचा एकेक आकडा गाळत जातं, आणि सगळ्यात शेवटी ‘डिफॉल्ट’ नावाच्या फाईलशी येतं. टीएफटीपीच्या लॉगमध्ये ‘फाईल सापडली नाही’च्या ओळींची रांग दिसली की नवखा माणूस घाबरतो. खरं तर ती रांग म्हणजे मशीन इथवर सुखरूप पोचल्याचा पुरावा आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष मात्र या कुळाबाहेरचा आहे. नेटवर्कात वळसे पडू नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास स्पॅनिंग ट्री शोधलं. त्याच्या मूळ नियमाप्रमाणे स्विचचा पोर्ट जागा झाला की १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. त्या ३० सेकंदांत तो काहीही पुढे पाठवत नाही. पीएक्सईची हाक वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा जाते, म्हणून ती बहुधा तरून जाते. पण पुढे लिनक्सचा कर्नल कार्ड नव्याने चालू करतो, लिंक क्षणभर पडते आणि स्विचची ३० सेकंदं पुन्हा सुरू होतात. डेबियनचा इन्स्टॉलर लिंकसाठी मुळात ३ सेकंदच थांबतो. मग तो सांगतो की नेटवर्क सापडलं नाही, आणि तो स्वतः तर नुकताच त्याच केबलीतून आलेला असतो! या विसंगतीने भलेभले चकतात. सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवर ही प्रतीक्षा वगळणारं पोर्टफास्ट लावायचं किंवा इन्स्टॉलरची मुदत वाढवायची, उपाय एवढाच.

इथवर फक्त कर्नल आला. इन्स्टॉलरच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार? ही कल्पनाही सनकडचीच. सोलारिससाठी त्यांनी जंपस्टार्ट केलं; उत्तरं फाईलीत लिहायची आणि मशीनचा प्रकार पाहून योग्य फाईल निवडायची. रेड हॅटने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात किकस्टार्ट आणलं. १९९९ मध्ये कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी जंपस्टार्टवरून स्फूर्ती घेऊन डेबियनसाठी एफएआय सुरू केलं. डेबियनचा नवा इन्स्टॉलर जून २००५ च्या सार्ज आवृत्तीबरोबर आला आणि त्यासोबत प्रीसीड ही त्याची उत्तरांच्या फाईलीची रीत.

प्रीसीडमध्ये एक मूळचाच पेच आहे. उत्तरांची फाईल नेटवर्कवरून यायची, पण भाषा, कीबोर्ड आणि नेटवर्क कार्ड यांचे प्रश्न नेटवर्क उभं राहण्याआधीच येतात. म्हणून ही उत्तरं कर्नलच्या बूट ओळीत द्यावी लागतात, किंवा तिथे ‘ऑटो’ लिहून भाषा-कीबोर्डचे प्रश्न पुढे ढकलावे लागतात. दोन-चार कार्डं असलेल्या सर्व्हरवर तर ‘बूट ज्या कार्डावरून झालं तेच घे’ हे स्पष्ट सांगावंच लागतं. पीएक्सईलिनक्स त्या कार्डाचा मॅक ॲड्रेस बूट ओळीला जोडू शकतं. एकाही उत्तराचं नाव चुकलं तर इन्स्टॉलर तो प्रश्न पडद्यावर मांडतो आणि मॉनिटर नसलेल्या रॅकमध्ये कुणाची तरी वाट पाहत राहतो.

अशा वेळी तर्क लढवत बसू नये. डेबियनमध्ये चौथ्या कन्सोलवर लॉग चालू असतो, दुसऱ्यावर शेल मिळतं. रेड हॅटचा इन्स्टॉलर ॲनाकोंडा प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर त्या वेळची उत्तरं रूटच्या घरात किकस्टार्ट फाईल म्हणून ठेवून जातो. एकदा हाताने नीट इन्स्टॉल करून ती फाईल उचलणं हा मला सर्वात प्रामाणिक मार्ग वाटतो. आणखी एक दोष डेबियनवाल्यांना हमखास भेटतो. महिनोन् महिने चाललेलं इन्स्टॉलेशन एका सकाळी ‘कर्नल मॉड्यूल्स सापडले नाहीत’ म्हणून अडतं. आपण काहीच बदललेलं नसतं, आणि नेमकं तेच कारण असतं. मिररवर नवी आवृत्ती आलेली असते, मॉड्यूल्स नव्या कर्नलची असतात, आणि आपल्या टीएफटीपी सर्व्हरवर कर्नल आणि इनिटआरडी जुनेच असतात. दोन्ही फाईली नव्याने आणल्या की काम पुढे सरकतं.

जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या फर्मवेअरच्या २.५ आवृत्तीत, २०१५ मध्ये, एचटीटीपीवरून थेट बूट करण्याची सोय आली. टीएफटीपीला टाळून जायचा मार्ग खुद्द फर्मवेअरमध्येच मिळाला. पण यूईएफआयला बूट फाईल वेगळी लागते. जुन्या बायोसची फाईल त्याच्या हाती पडली तर ती उतरते आणि चालत मात्र नाही. मशीन कोणत्या जातीचं आहे हे ते ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतं. सर्व्हरने तो वाचून फाईल निवडायची.

सगळ्यात धोक्याची चूक सगळं यशस्वी झाल्यावर होते. इन्स्टॉलेशन संपतं, मशीन रीबूट होतं, बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं असतं, सर्व्हर पुन्हा इन्स्टॉलरच देतो आणि उत्तरांच्या फाईलीत डिस्क पुसण्याची आज्ञा असतेच. नवं मशीन रात्रभर स्वतःला पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत राहतं. चालू सर्व्हर महिन्यांनी रीबूट झाला तर त्यावरचा सगळा डेटा जातो. म्हणून सर्व्हरवरची ‘डिफॉल्ट’ फाईल नेहमी स्थानिक डिस्कवरून बूट करणारीच असावी, आणि इन्स्टॉलर फक्त नाव घेऊन नेमलेल्या मॅक ॲड्रेसलाच मिळावा. कॉब्लर या साधनात याची सोय आहे. इन्स्टॉलर शेवटच्या पायरीत सर्व्हरला काम झाल्याचं कळवतो, आणि सर्व्हर त्या मशीनचं नेटवर्क बूट लगेच बंद करतो.