रेटा आणि पडसाद

जून 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात पोहोचला. त्यापासून गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब तयार होऊन जगभर पसरले आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग अवकाशात परतवू लागले. पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. कोणत्याही प्रयोगशाळेत मावणार नाही असा हा प्रयोग निसर्गानेच केला. या पुस्तकाच्या विषयात शिरायला त्याच्याइतकी चांगली वाट नाही.

हवामान हा मुळात जमाखर्चाचा मामला आहे. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सूर्याकडून सरासरी 340 वॅट ऊर्जा जमा होते. ढग, बर्फ आणि वाळवंटे तिच्यातले शंभर वॅट तशीच परत पाठवतात. उरलेले 240 वॅट पृथ्वी शोषून घेते आणि तेवढेच अवरक्त प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकते. एवढ्याच हिशेबाने पृथ्वीचे तापमान उणे 18 अंश सेल्सियस यायला हवे. ते प्रत्यक्षात 15 अंशांच्या आसपास आहे, कारण बाष्प, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू बाहेर निघालेली उष्णता अडवतात.

या जमाखर्चाचा तोल बाहेरून कुणी बिघडवला, तर त्या बिघाडाच्या मापाला रेडिएटिव्ह फोर्सिंग म्हणतात. या पुस्तकात त्याला ‘रेटा’ म्हटले आहे. पिनातुबोचा रेटा थंडीकडे होता आणि दोन-तीन वर्षांत ओसरला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर सुमारे 4 वॅटचा रेटा उष्णतेकडे बसतो, आणि तो शतकानुशतके टिकतो.

इतर काहीच बदलले नाही, तर या 4 वॅटने तापमान जेमतेम एका अंशाहून थोडे अधिक वाढेल. पण पृथ्वी गप्प बसत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते, आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवते. बर्फ वितळले की त्याखालचा काळा समुद्र उघडा पडून अधिक ऊन शोषतो. परिणामच असा पुन्हा कारण होतो, यालाच फीडबॅक म्हणायचे. आपण म्हणू ‘पडसाद’. पिनातुबोनंतर हवा निवली तसे बाष्पही घटले. संगणकीय प्रारूपातून बाष्पाचा पडसाद काढून टाकला, तर प्रत्यक्षात दिसलेली थंडी त्यात उमटत नाही, हे 2002 साली दाखवले गेले.

1896 मध्ये स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी बाष्प आणि बर्फाचे पडसाद धरून हे गणित प्रथम मांडले. हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांच्या समितीच्या 1979 च्या अहवालाने दुप्पट कार्बन डायऑक्साइडमुळे 1.5 ते 4.5 अंशांची वाढ सांगितली. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालाने ती संभाव्य मर्यादा 2.5 ते 4 अंशांवर आणली. एवढे अंतर कापायला चार दशके लागली, ती मुख्यतः ढगांमुळे. ढग ऊन परतवतात आणि उष्णता अडवतातही. तापत्या जगात यातले कोणते काम किती वाढेल, हे ठरवणे अवघड आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेटा आपल्याला चांगला ठाऊक आहे. खरी अनिश्चितता पडसादात आहे, आणि म्हणूनच पडसादांना या पुस्तकात सर्वाधिक पाने दिली आहेत.

हे संशोधन दूरदेशीच चालते असे समजू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत घडवलेले पृथ्वीप्रणालीचे प्रारूप याच आयपीसीसी अहवालाला आधार देणाऱ्या, प्रारूपांच्या जागतिक तुलनेत सहभागी होते. या क्षेत्रात नव्या जाणकारांची गरज आहे, आणि शाळेतले भौतिकशास्त्र प्रवेशाला पुरते. वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा, प्रत्येक आकडा स्वतः करून पाहा. आऱ्हेनियस यांनीही आपले गणित हातानेच केले होते.