लीप सेकंद

समन्वित जागतिक वेळ (यूटीसी) आणि पृथ्वीचे परिवलन यांचा मेळ राखण्यासाठी या वेळेत गरजेनुसार घातला जाणारा जादा सेकंद. १९६७ पासून सेकंद हा सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून मोजतात. पृथ्वी मात्र एवढी नेमाने फिरत नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिची गती शतकानुशतके मंदावते आहे. शिवाय वारे, वितळणारे हिम आणि गाभ्यातील हालचालींमुळे ती कमी-जास्त होते. २९ जून २०२२ चा दिवस तर चोवीस तासांपेक्षा १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला.

यूटीसी आणि परिवलनावरून मोजलेली वेळ यांतला फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून जून किंवा डिसेंबरअखेर जादा सेकंद घालतात. परिवलनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा (आयईआरएस) तसे सुमारे सहा महिने आधी कळवते. २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. भारतात त्यांतला शेवटचा १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला : ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आणि मग ५:३०.

हे ‘६०’ संगणकांना पचत नाही. युनिक्स वेळेत प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच असतो. जादा सेकंदाला तिथे जागा नाही. २०१२ च्या जूनअखेरीस लिनक्सच्या कर्नलमधील टायमर एक सेकंद पुढे राहिले. क्षणभर थांबायला सांगितलेली कामे मुदत उलटली असे समजून लगेच जागी होत, पुन्हा थांबत, पुन्हा जागी होत आणि प्रोसेसर उगाच राबत राही. रेडिट ठप्प झाले, क्वांटासची प्रवासी नोंदणी खोळंबली. अनेक ठिकाणी यंत्राची वेळ नव्याने लावताच ते ताळ्यावर आले. गूगल हा सेकंद कित्येक तासांवर थोडाथोडा पसरवते. पण सगळ्यांची पद्धत एक नसेल, तर तेवढा काळ दोन संगणक-जाळ्यांची घड्याळे जुळत नाहीत. जीपीएस लीप सेकंद मानतच नाही, म्हणून तिची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे.

लीप वर्षाचा नियम प्रोग्रॅममध्ये एकदा लिहिला की शतके निभतात. लीप सेकंदाला असा नियम नाही, आणि जाळ्यांना सर्वांत जाचते ते हेच. पृथ्वीचा वेग वाढत राहिला तर एक सेकंद गाळावाही लागेल. तो प्रयोग चालू जाळ्यांवर कधीच झालेला नाही. वजने-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये, असे सेकंद वारंवार लागू नयेत म्हणून, ०.९ सेकंदाची ही मर्यादा २०३५ साली किंवा त्याआधी वाढवण्याचा ठराव केला.