गोल मेनू आणि माऊसचा एक झटका: डिझाइन सॉफ्टवेअरमधला ‘मार्किंग मेनू’ आपल्या सोयीचा कसा करायचा?

मायामध्ये थ्रीडी मॉडेलवर माऊसचं उजवं बटण दाबून धरलं की कर्सरभोवती पर्याय पसरतात. डावीकडे व्हर्टेक्स, वर एज, खाली फेस. नवा माणूस ते वाचतो, माऊस हव्या त्या दिशेला नेतो आणि बटण सोडतो. रोज काम करणारा मात्र काही वाचत नाही. तो बटण दाबून डावीकडे झटका देतो आणि मेनू नीट दिसायच्या आधीच व्हर्टेक्स निवडून मोकळा होतो.

याला मार्किंग मेनू म्हणतात. ब्लेंडरमध्ये याचाच भाऊबंद ‘पाय मेनू’ नावाने आहे, तर सॉलिडवर्क्समध्ये ‘माऊस जेश्चर’.

गोलच का?

नेहमीच्या यादीत पहिला पर्याय जवळ असतो आणि दहावा लांब. गोल मेनूत सगळे पर्याय कर्सरपासून सारख्याच अंतरावर असतात, फक्त दिशा बदलते. 1988 मध्ये डॉन हॉपकिन्स, बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांची तुलना केली. गोल मेनूत निवड लवकर झाली आणि चुकाही कमी झाल्या.

खरी गंमत पुढे आहे. टोरंटो विद्यापीठात गॉर्डन कर्टनबाख आणि बिल बक्स्टन यांनी या मेनूत एक छोटा उशीर ठेवला. बटण दाबून साधारण एक तृतीयांश सेकंद थांबलात तर मेनू दिसतो, न थांबता माऊस ओढलात तर मेनू न दाखवताच कमांड चालते. म्हणजे शिकताना हात जी हालचाल करतो, तीच पुढे शॉर्टकट बनते. कीबोर्ड शॉर्टकटचं तसं नाही. मेनूतून शंभर वेळा ‘सेव्ह’ निवडलं म्हणून बोटांना कंट्रोल-एस येत नाही, ते वेगळं पाठ करावं लागतं. या दोघांच्या 1994 च्या अभ्यासात मेनू उघडून निवडण्यापेक्षा झटक्याने निवडणं सरासरी 3.5 पट वेगवान ठरलं.

बदल कुठे करायचे?

सॉलिडवर्क्समध्ये टूल्स > कस्टमाइझ > माऊस जेश्चर्स इथे जा. 2, 3, 4, 8 किंवा 12 दिशा निवडता येतात आणि कमांड ओढून चाकावर टाकायची असते. स्केच, पार्ट, असेंब्ली आणि ड्रॉइंग यांची चाकं वेगवेगळी असतात, त्यामुळे स्केचमधला बदल ड्रॉइंगमध्ये दिसला नाही तर गोंधळू नका. इन्व्हेंटरमध्ये टूल्स टॅबवरच्या कस्टमाइझमध्ये मार्किंग मेनूचा स्वतंत्र टॅब आहे. मायात मार्किंग मेनू एडिटर आहे, तिथे अगदी कोऱ्या पाटीवरून आपला मेनू बनवता येतो.

ब्लेंडरमध्ये झेड दाबलं की डावीकडे वायरफ्रेम आणि उजवीकडे सॉलिड असा पाय मेनू येतो. प्रेफरन्सेस > इंटरफेसमध्ये पाय मेनूच्या सेटिंग्ज आहेत. त्यातली ‘कन्फर्म थ्रेशोल्ड’ सहसा कुणी उघडून पाहत नाही. तिथे शून्याऐवजी आकडा भरला की कर्सर तेवढं अंतर ओलांडताच निवड पक्की होते, क्लिक करावं लागत नाही. हात थरथरत असेल किंवा पेन टॅब्लेटवर काम असेल तर हा आकडा फार लहान ठेवू नका.

किती पर्याय ठेवायचे?

12 दिशांचा मोह होतोच. पण गणित बघा: 4 दिशांमध्ये प्रत्येक पर्यायाला 90 अंश मिळतात, 8 मध्ये 45 आणि 12 मध्ये फक्त 30. जागा जितकी अरुंद, तितका झटका शेजारच्या पर्यायावर जाण्याचा धोका जास्त. उपमेनूंनाही मर्यादा आहे. कर्टनबाख-बक्स्टन यांच्या प्रयोगांत न बघता निवड करताना 4 पर्यायांचे मेनू चार पातळ्यांपर्यंत आणि 8 पर्यायांचे दोन पातळ्यांपर्यंत झेपले. सुरुवात 4 ने करा, हात बसला की 8 वर जा.

दिवसातून वीसदा लागणाऱ्या कमांडना वर, खाली, डावी, उजवी या सरळ दिशा द्या, तिरप्या दिशा कमी वापराच्या. उलट काम करणाऱ्या जोड्या समोरासमोर ठेवा, जसं डावीकडे अनडू आणि उजवीकडे रिडू. डिलीट मात्र नेहमीच्या कमांडच्या शेजारी नको. तिथे हात घसरला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

बसलेली घडी मोडू नका

इथे बहुतेकांची चूक होते. दर आठवड्याला मेनू ‘आणखी चांगला’ करत राहिलं तर हाताला दिशा लक्षातच राहत नाहीत. मग प्रत्येक वेळी थांबून वाचावं लागतं आणि गोल मेनूचा सगळा फायदा जातो. नवी कमांड हवी असेल तर रिकाम्या जागेत घाला, जुनी हलवू नका. 4 वरून 8 दिशांवर जातानाही आधीच्या चार कमांड जुन्याच दिशांना ठेवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात रोज वेगळा कॉम्प्युटर मिळत असेल तर सेटिंग सोबत नेता येतं. सॉलिडवर्क्समध्ये त्यासाठी ‘कॉपी सेटिंग्ज विझार्ड’ आहे, इन्व्हेंटरमध्ये कस्टमाइझच्याच खिडकीत एक्स्पोर्ट आणि इम्पोर्टची बटणं आहेत. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्याच्या मशीनवर ती चढवण्याआधी मात्र त्याचं सेटिंग एक्स्पोर्ट करून घ्या, कारण त्याचाही हात त्याच्या दिशांना सरावलेला असतो.